आभाळातल्या नोकरीचे गावठी नियम

वीरप्पाचा तिसरा माणूसही इंजिनखोलीतच मेला, तेव्हा मथुराबाईंनी हातातले चिंचोके खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आता बास करा की वो अण्णा. चौथा तरी दुसरीकडं घाला."

"दुसरीकडं कशापायी?" वीरप्पा म्हणाला. "पणजा इंजिनवर, आज्जा इंजिनवर, बाप इंजिनवर. पोरगं बी इंजिनवरच जानार."

"पणजा इंजिनवर मेला, आजा इंजिनवर मेला, बाप इंजिनवर मेला," मी म्हणालो. "पोराचं लगीन तरी होऊ दे, मग मार."

"तू गप रे व्यंकट. तुझा माणूस निस्ता बढत्या खायालाय."

ही सगळी माणसं खोटी होती हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की आमच्या पंपघरात रोज एक मुडदा पडत होता. हा एक खेळ होता. शहाऐंशी सालच्या दुष्काळात आमच्या उपसा सिंचन संस्थेचा तलाव तळाला गेला, चिखल वाळला, चिखलाच्या खपल्या झाल्या आणि त्या खपल्यांवरून शेळ्या फिरायला लागल्या. तलावाच्या काठी आमचं पंपघर. त्यात एक मोठी मोटर, एक बाजूची खोली, आणि मोटर चालवणारा वीरप्पा. मी संस्थेचा सेक्रेटरी. पाणी नाही म्हणजे पाणीपट्टी नाही, पाणीपट्टी नाही म्हणजे सेक्रेटरीला काम नाही. तेव्हा दुपारी तामलवाडीच्या रस्त्याने सायकल मारत मी पंपघरात यायचो. घरी बसलो तर बायको काम सांगायची, हेही एक कारण होतं.

बाजूच्या खोलीत शांतलिंग साहेब राहायला आले होते. भूजल खात्यातला लातूरकडचा तरुण माणूस. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते शोधत दिवसभर उन्हात हिंडायचा आणि दुपारी तापून लाल होऊन परतायचा. त्याच्या अमेरिकेतल्या भावाने त्याला एक खोका पाठवला होता. आत निळ्या पुठ्ठ्याची इंग्रजी पुस्तकं आणि दोन फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. मी विचारलं, अहो साहेब, मग खेळायचं कशावर? तर म्हणाले, डोक्यात.

खेळ असा की, पुढे कित्येक पिढ्यांनी माणसं आभाळात राहायला गेलीत. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जहाजं जातात. त्या जगातला एक माणूस आपण आपल्या मनाने उभा करायचा आणि त्याच्या वतीने बोलायचं, वागायचं. पण तो माणूस आभाळातून पडत नाही. त्याचं आधीचं आयुष्य फासे टाकून ठरवावं लागतं. तो कुठल्या नोकरीत शिरला, तिथे काय शिकला, हुद्दा वाढला का. आरमार होतं, फौज होती, व्यापारी जहाजं होती, पाहणी खातं होतं. नोकरीच्या दर चार वर्षांनी एकदा फासे टाकायचे. दान चांगलं पडलं तर बढती. वाईट पडलं तर माणूस मेला, नवा माणूस करा. ही नोकरी संपवून माणूस बाहेर पडला की मग खरा खेळ, म्हणजे साहस, लढाया, चोरलेले हिरे वगैरे.

आमची गाडी त्या साहसापर्यंत फारशी कधी पोचलीच नाही. आम्हाला नोकरीतच गोडी लागली. कुणाला बढती मिळाली, कुणाची बदली झाली, कुणाला पेन्शन किती, यातच दुपार सरायची. शांतलिंग साहेब कपाळाला हात लावून म्हणायचे, "अहो, तिकडे ग्रहावर बंड झालंय आणि तुम्ही प्रवासभत्ता काय मागताय?" पण मागायचा नाही तर काय सोडून द्यायचा?

मथुराबाई रोजगार हमीच्या कामावर पाणी वाटायच्या. रस्त्याच्या खडीचं काम पंपघरापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि टँकरचं पाणी आमच्याच टाकीत उतरायचं, म्हणून दुपारच्या सुट्टीत त्या तिथे थांबायच्या. पहिले काही दिवस उंबऱ्यावर बसूनच बघायच्या. आत या म्हटलं की, "हितंच बरं हाय," म्हणायच्या. त्या बौद्ध, आणि वीरप्पाच्या गळ्यात लिंग. कुणी काही बोलत नव्हतं, पण उंबरा मध्ये होता. एकदा शांतलिंग साहेब वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही दान सांगताय ते मला इथून ऐकू येत नाही. आत बसा, नाहीतर खेळू नका." त्या आत आल्या आणि मग त्यांना कुणाच्या बापाला हरवता येईना. त्यांची बाई पाहणी खात्यात होती, तीन ग्रह शोधून बसली होती.

फासे जाऊन चिंचोके आले ते आमच्या चेअरमनमुळे. बंडप्पा चेअरमन एकदा अचानक आले, फासे बघितले आणि दारातूनच ओरडले, "संस्थेच्या जागंत जुगार?" त्यांना आभाळातली नोकरी समजावून सांगणं माझ्या बापाच्याने झालं नसतं. दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनी चिंचोके अर्धे फोडून आणले, पांढरी बाजू मोजायची. चिंचोक्यांना कुणी जुगार म्हणत नाही, ते पोरीबाळींचं काम. शांतलिंग साहेबांनी तक्रार केली की चिंचोक्यांचं दान नेहमी मधलंच पडतं, त्यामुळे आता कुणी अ‍ॅडमिरल होणार नाही. आम्ही म्हटलं, न होवो. आमच्या तालुक्यात तरी कोण झालंय?

तिथून आम्हाला नियम बदलायची चटक लागली. पुस्तक अमेरिकेचं, माणसं आमची. आणि सहकारातली माणसं नियम बदलतात ते ठरावाने. मी उभा राहायचो, सूचक कोण, अनुमोदक कोण ते विचारायचो आणि एकमत झालं की खडूने भिंतीवर लिहायचो. संस्थेच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नव्हती, पण आभाळाची सभा कधी तहकूब झाली नाही. दुष्काळाच्या वर्षी नोकरीत खंड धरायचा नाही, हा एक ठराव. मेलेल्या माणसाच्या मालकाने सगळ्यांना चहा पाजायचा, हा दुसरा. आणि वीरप्पाने मांडलेला, त्याच्या फार जिवाचा ठराव म्हणजे अनुकंपा. नोकरीत असताना माणूस मेला तर त्याच्या पोराला बापाच्याच जागी घ्यायचं, पुन्हा दान टाकायला लावायचं नाही.

"पण पुस्तकात बापाचं नावच नाही," शांतलिंग साहेब म्हणाले होते. "माणूस एकटाच येतो."

"बाप न्हाय असं कसं?" वीरप्पाला ते पटेना. "बाप काय करत व्हता ते ठाऊक नसल तर पोरानं काय करायचं ते कसं कळंल?"

या नियमाच्या जोरावर त्याने एकाच जहाजाच्या एकाच इंजिनावर तीन पिढ्या घातल्या होत्या. त्यात नवल नव्हतं. त्याचा बाप पाटलाच्या मळ्यात तेलाचं इंजिन चालवायचा. वीरप्पा चालायला लागला तो त्या इंजिनाच्या धुरात. पुढे संस्था निघाली, वीज आली, मोटर बसली आणि वीरप्पा तिच्याबरोबर बसला तो वीस वर्षं उठलाच नाही. त्याच्या मोटरीचा आवाज सुरू झाला की खालच्या मळ्यातल्या बाया चुली पेटवायच्या. मोटरीवर तळवा ठेवून तो सांगायचा, आज हिचा जीव बरा नाही. मी हसायचो, आणि दोन दिवसांनी मोटर बंद पडायची.

आता पाणी नव्हतं आणि मोटर वर्षभर फिरली नव्हती. तरी हा रोज सकाळी यायचा, तिला कापड मारायचा, तेल द्यायचा, पाण्याचा थेंब नसलेल्या पाइपाचे नट आवळायचा. चेअरमनने त्याचा पगार कधीच थांबवला होता. मीच तो निरोप त्याला दिला होता. तो म्हणाला होता, "पगार थांबला, मोटर न्हाय थांबली. तिला गंज लागल ना."

इरम्मा मला वाटेत भेटली तो दिवस शुक्रवार होता. वीरप्पाची बायको. खडीच्या कामावर जात होती, डोक्याला फडकं, हातात हातोडी. रस्त्यातच उभी राहिली.

"सेक्रेटरी, तुमी तरी सांगा की त्यास्नी. जिल्हा परिषदेत हापशाच्या कामाला माणसं घ्यायलेत. सोमवारी उस्मानाबादला बोलावलंय. नाव दिलंय म्या, शिवशरण मास्तरांनी अर्ज लिवून दिला. आन् हे म्हनत्यात, जात न्हाय."

"का जात नाही?"

"यव्वा, म्हनत्यात, म्या गेलो आन् तलाव भरला तर मोटर कोन चालू करंल? म्या खडी फोडते, आन् हे मोटरीचं तोंड पुसत्यात." तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. रडायला थांबली तर हजेरी बुडायची. "सोमवार गेला की गेलं सगळं, सेक्रेटरी."

मी हो म्हणालो. पण वीरप्पाला काय सांगणार होतो? आम्ही एका शाळेत एका बाकावर बसलेले. त्याला एखादी गोष्ट नको असली की तो ऐकून घेतो, मान हलवतो आणि करायचं तेच करतो. त्या दिवशी दुपारी पंपघरात पोचलो तर खेळ मांडलेला, आणि वीरप्पाचा तिसरा माणूस मेलेला. इथूनच मी सांगायला सुरुवात केली होती.

तर मथुराबाई म्हणाल्या, चौथा दुसरीकडे घाला. वीरप्पा म्हणाला, अनुकंपा. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मथुराबाई आधी बोलल्या.

"मला एक ठराव मांडायचाय."

मी सवयीने उभा राहिलो. "मांडा."

"आभाळातल्या कुनालाबी, कुठल्याबी वयात, पैली नोकरी सोडून दुसरी धरता यावी. पुस्तकात तसं न्हाय ना, साहेब?"

"नाही," शांतलिंग साहेब म्हणाले. "पुस्तकात एकदा बाहेर पडला की पडला. दुसरी नोकरी नाही."

"मग आपन करू."

मी म्हणालो, "अनुमोदन." मला सोमवार दिसत होता.

वीरप्पाने मान हलवली. "माझा इरोध."

"कशापायी?"

"नियम म्हंजी नियम. माणसानं एक काम इमानानं करावं. आज हितं, उद्या तितं, त्याला काय आर्थ हाय? आपलं अनुकंपा बरं हाय. बापाचं काम पोराला."

मथुराबाई चिंचोके एका हातातून दुसऱ्या हातात ओतत म्हणाल्या, "आमच्यात व्हता असला नियम, अण्णा. बापाचं काम पोराला, त्याचं त्याच्या पोराला. सरकारी कागदावर त्याला वतन म्हनायचे. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं वतन."

 मी उभा होतो तो खाली बसलो.

"छप्पन साली धम्म घेतला तवा म्या ल्हान व्हते," त्या म्हणाल्या. "बाप नागपूरला गेला न्हाय, गाडीभाड्याला कुठून आनायचं? पन तिकडनं परतलेली माणसं गावात आली, आन् त्या दिवशी बापानं दोर टाकला. पंचेचाळीस वर्साचा गडी. दुसरं काय येत व्हतं त्याला? कायबी न्हाय. पाटलानं धान्य बंद केलं. दोन सालं आमी अर्धपोटी काढली. बाप गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायला गेला. हळूहळू थापी धरली. पैली भिंत बांधली ती वाकडी झाली, सगळा गाव हासला. आई रडायची. बाप म्हनायचा, रडू नगं, वाकडी का असंना, ही म्या निवडलीया."

वीरप्पा खाली बघत होता. त्याने वर बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो सरळ बोलला, आणि जे बोलला ते खरंच होतं.

"तुमचं येगळं, मथुराबाई. तुमच्या वडलांना ते काम नको व्हतं. त्यांच्या गळ्यात बांधलेलं व्हतं. माझ्या गळ्यात कुनी बांधलं न्हाय. मला माझं काम पायजे. लई पायजे."

मथुराबाईंनी मान डोलावली. "व्हय. त्ये येगळं, खरं हाय." मग त्या हळूच म्हणाल्या, "पन अण्णा, काम हाय कुठं?"

वीरप्पा उठला आणि मोटरीच्या खोलीत गेला. आम्हाला कापड घासल्याचा आवाज ऐकू आला. त्या दिवशी खेळ तिथेच मोडला. ठराव लटकला, कारण आभाळाची सभा एकमताशिवाय काही मंजूर करत नव्हती. हाही नियम आमचाच, आणि त्या दिवशी मला तो अगदी मूर्खपणाचा वाटला.

शनिवारी वीरप्पा खेळायला बसला नाही. मी मोटरीच्या खोलीत जाऊन इरम्माचं सांगून बघितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. झालं. मी त्याला चार शिव्या हासडल्या, त्याही त्याने ऐकून घेतल्या.

रविवारी कामाला सुट्टी, तरी मथुराबाई आल्या. शांतलिंग साहेबही कुठे हिंडायला गेले नाहीत. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. आम्ही तिघं चिंचोके न टाकताच बसलो होतो. ऊन जरा कलल्यावर वीरप्पा आत आला, भिंतीला टेकून बसला आणि शांतलिंग साहेबांना म्हणाला, "साहेब, त्या ठरावाचं इचारायचं व्हतं."

"विचारा ना."

"माझा चौथा माणूस. समजा त्यानं जहाज सोडलं आन् दुसऱ्या खात्यात गेला. तर त्याचा हुद्दा?"

शांतलिंग साहेबांनी पुस्तक उघडलं नाही. "हुद्दा खालून. सगळ्यात खालून."

"खालून म्हंजी किती खालून? पोरंसोरं हुकूम सोडनार?"

"सोडतील."

"हासतील?"

"थोडे दिवस."

"आन् पैल्या नोकरीत शिकलेलं? ते सगळं मातीत?"

शांतलिंग साहेबांनी मथुराबाईंकडे पाहिलं. ठराव त्यांचा होता. त्या म्हणाल्या, "तुमीच सांगा, अण्णा. काय संगं न्यायचंय?"

वीरप्पाला हे कुणी विचारेल असं वाटलं नसावं.  बाहेर टाकीच्या नळाला कावळा चोच मारत होता.

"हुनर एकच न्हेऊ द्यायचा," तो शेवटी म्हणाला. "निस्ता एक. पन कोणता ते चिंचोक्यावर न्हाय. ते त्याचं त्यानं ठरवायचं. येवढी दुरुस्ती घाला."

"कोणता नेशील?" मी विचारलं.

"हात," तो म्हणाला, आणि त्याने आपला तळवा माझ्यासमोर धरला. "हात ठिवला की कळतं."

मी उभा राहिलो. मुद्दाम मोठ्याने ओरडलो, "दुरुस्तीसह ठराव! सूचक मथुराबाई. अनुमोदक?"

"म्या," वीरप्पा म्हणाला.

मी भिंतीवर लिहिलं. माझं अक्षर नेहमीच गिचमिड, त्या दिवशी तर बघायलाच नको. लिहून वळलो तर वीरप्पा मथुराबाईंना विचारत होता, "उस्मानाबादची यष्टी तुळजापूरहून किती वाजता आसती वो?"

सोमवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तो एकटा गेला असता तर मध्येच उतरून परत आला असता, अशी मला भीती होती. तसं झालंही असतं. तुळजापूरच्या स्टँडवर तो दोनदा म्हणाला, "मोटरीवर पोतं टाकायचं राह्यलं बघ." मी म्हणालो, "इरम्माला सांगितलंय, ती टाकेल." सांगितलं काहीच नव्हतं.

परीक्षा एका पटांगणात होती. एक हापसा उभा केलेला, आणि पुढे पन्नासेक माणसं. बहुतेक विशीतली, दोघेतिघे तर शर्टाला इस्त्री करून आलेले. वीरप्पाचा नंबर आला तेव्हा तो पुढे गेला, वाकला आणि त्याने हापशाच्या लोखंडी बुंध्यावर तळवा ठेवला. डोळे मिटले. मागची पोरं खिदळली.

तरुण इंजिनियर जवळ आला. "काका, काय बघताय?"

"चाल बघायलोय."

"याला मोटर नाही हो. हात लावून काही कळायचं नाही. दांडा ओढून बघायचा. खाली ओढताना ओझं लागलं नाही तर आतली चामड्याची वायसर गेली."

वीरप्पाने हात काढून घेतला. त्याने निवडून आणलेला एकुलता एक हुनर पहिल्याच दानात वाया गेला होता. मला वाटलं, आता हा वळणार आणि सरळ स्टँडवर जाणार. मी पुढे होण्याच्या बेतात होतो.

"हापसा कधी उघडलाय?" इंजिनियरने विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"दावा की," वीरप्पा म्हणाला. "एकडाव दावा. मग म्या उघडतो."

इंजिनियरने दाखवलं. वीरप्पाने उघडला. दोन नट उलटे बसवले, काढले, परत बसवले. घामाने सदरा पाठीला चिकटला. संध्याकाळी नावं वाचली त्यात मेकॅनिक म्हणून त्याचं नाव नव्हतं. सगळ्यात खाली, मदतनीस म्हणून होतं. त्याला का घेतलं ते मला आजही नीट माहीत नाही. माणसं कमी पडली असतील. पण त्या संध्याकाळी मी त्याला स्टँडवर भजी खाऊ घातली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या ताटातली उचलून खाल्ली.

आमचा खेळ मग मोडलाच. शांतलिंग साहेबांची बदली झाली, जाताना ते निळी पुस्तकं घेऊन गेले आणि चिंचोके मथुराबाईंना ठेवून गेले. वीरप्पा हापशाच्या गाडीवर जिल्हाभर फिरायला लागला. महिन्यातून एकदा घरी यायचा. इरम्माने खडीचं काम सोडलं आणि एक म्हैस घेतली.

आणि पुढच्या वर्षी तलाव भरला. अगदी वीरप्पा म्हणायचा तसाच, काठोकाठ. बंडप्पा चेअरमनने घाईघाईत एक पोरगा मोटरीवर बसवला. पोरगा बरा होता, पण मोटर त्याला बधेना. आज बंद, उद्या चालू. चेअरमन मला म्हणाले, "व्यंकटराव, त्या वीरप्पाला आना परत. मागला पगार देऊ, वरनं वाढवून देऊ. मोटर त्याचीच हाय."

मी निघालो तेव्हा मनातून खूश होतो. माझा मित्र गावात परत येणार होता. पुन्हा दुपारी पंपघरात बसू, मथुराबाईंना बोलावू, असले बेत एसटीत बसल्या बसल्या झाले. येरमाळ्याला उतरून चौकशी केली, तेव्हा कळलं की गाडी पुढच्या वस्तीवर आहे. चालत गेलो. हापसा उघडून पाइप ओळीने जमिनीवर मांडले होते. घागरी घेतलेल्या बाया रांगेत बसलेल्या. सिदू नावाचा मेकॅनिक वर उभा होता, चोवीस-पंचवीसचा असेल, आणि खाली चिखलात गुडघे टेकून वीरप्पा पाइप धरून होता. केस बरेच पिकले होते. मला बघून तो हसला, पण पाइप सोडला नाही.

मी चेअरमनचा निरोप सांगितला. तलाव काठोकाठ भरल्याचं सांगितलं. तो ऐकत होता, आणि मी बघितलं, त्याचा एक तळवा आपसूक पाइपावर आडवा टेकला होता.

"आवाज कसा येतोय तिचा?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? घरघर करते."

"त्या पोराला सांग, पाइपात पानी भरल्याबिगर बटन दाबू नको म्हनावं. घाई करत आसल. आन् रोज सकाळी तिला हात लाव म्हनावं. बोलत्यात मोटरी."

"तूच येऊन सांग की. तुझीच आहे ती. चेअरमन वाट बघायलेत."

 वीरप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते बाहीला पुसलं, माझ्यापासून लपवलं नाही. मला वाटलं, आला हा. वस्तीतली एक म्हातारी घागर घेऊन जवळ सरकली आणि वीरप्पाला म्हणाली, "आरं, तू तरी सांग रं बाबा, पानी येनार का न्हाय? तू मोठा मिस्त्री का ह्यो वरला?"

"ह्यो वरला मोठा, मावशी," वीरप्पा म्हणाला. "म्या शिकायलोय."

हे तो म्हातारीला म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता. वरून सिदूने हाक मारली, "अण्णा, पाना!" वीरप्पाने पाना सदऱ्याला पुसला आणि वर दिला.